नोकरीतील विटंबना आणि कायद्याचे दोन दरवाजे



कचेरीत, कारखान्यात अथवा परक्याच्या घरी राबणाऱ्या आपल्या भगिनीचा वरिष्ठाने हात धरला आणि तिने तो झिडकारताच तिची जात काढली, तर तिचे अपमान दोन झाले की एक? तिला विचाराल तर एकच. ही खालच्या जातीची, हिच्यामागे कोण उभे राहणार, या हिशेबानेच त्या इसमाला तसे धाडस झाले. परंतु ती दाद मागावयास निघाली की कायदा तिला दोन दरवाजे दाखवितो. एक स्त्रीचा, दुसरा जातीचा.

हा भेद कसा पडला ते पाहा. १९९२ साली राजस्थानात भंवरीदेवी या कुंभार समाजातील स्त्रीवर सामूहिक बलात्कार झाला. शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात काम करीत असता गावातील वजनदार जातीच्या घरचा बालविवाह थांबविण्याचा प्रयत्न तिने केला, एवढाच तिचा अपराध! १९९५ साली सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. या घटनेमुळे दाखल झालेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ‘विशाखा’ निकाल दिला आणि पुढे २०१३ चा कायदा झाला. ही प्रगती आम्ही थोर मानतो. पण त्या मार्गदर्शक तत्त्वांत आणि त्या कायद्यातील लैंगिक छळाच्या व्याख्येत जातीविषयी अवाक्षर नाही.

दुसरा दरवाजा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा. अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रीला, तिची जात ठाऊक असताना, त्या समाजांबाहेरच्या इसमाने संमतीवाचून लैंगिक स्वरूपाचा स्पर्श करणे, तसे शब्द उच्चारणे वा हावभाव करणे हा २०१५ च्या दुरुस्तीनुसार सहा महिने ते पाच वर्षे कैदेचा गुन्हा आहे. जातिवाचक शिवीगाळीचा गुन्हा लोकांच्या नजरेसमोर घडावा लागतो. या गुन्ह्यास ती अट नाही. साहेबाच्या बंद खोलीतही तो घडतो. ‘तिची जात मला ठाऊक नव्हती’ ही सबबही सहजी चालत नाही. आरोपी तिला किंवा तिच्या कुटुंबाला व्यक्तिशः ओळखत असेल, तर जात ठाऊक होती असेच न्यायालय, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरते.

आपण बौद्ध झालो, मग हा कायदा आपणांस लागू कसा, असे कोणी विचारील. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांनाही त्या यादीत स्थान मिळाले आहे. धर्मांतराने हे संरक्षण गमावत नाही.

आमचे स्पष्ट मत असे की, पीडितेला दोहोंपैकी एकच दरवाजा निवडावयास लावणे हाच नवा अन्याय होय. ‘जातीचे आमच्यापुढे नको’ असे समितीने म्हणावे आणि ‘आधी समितीकडे जा’ असे पोलिसांनी सांगावे, यांपैकी कशासही आधार नाही. आपण इतर कायद्यांना पूरक आहोत, असे २०१३ चा कायदा स्वतःच सांगतो. आणि अत्याचाराचा गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे २०१८ च्या दुरुस्तीने निश्चित केले आहे.

मात्र सावध राहा. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने पाटण जमाल वली खटल्यात एका अंध दलित तरुणीवरील बलात्काराबद्दलची जन्मठेप कायम केली. स्त्रीत्व, जात व अपंगत्व यांचा जुलूम एकत्र कसा येतो हेही सांगितले. तरीही जातीसंबंधी स्वतंत्र पुरावा आला नाही म्हणून अत्याचार कायद्याखालील शिक्षा रद्द झाली. यास्तव पहिल्याच तक्रारीत स्पर्श आणि शब्द, दोन्ही तारीखवार लिहा. दहा किंवा अधिक कामगार असतील तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. लहान जागी किंवा घरकाम करणाऱ्या भगिनींसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मुदत साधारण तीन महिन्यांची आहे, हे विसरू नका.

आणि बंधूंनो, घरची अब्रू जाईल म्हणून तिला गप्प बसवू नका. अब्रू गेली ती हात धरणाऱ्याची. तिची तक्रार लिहावयास बसा, साक्षीदारांस धीर द्या आणि ठाण्याची पायरी तिच्यासोबत चढा.