वीणेचा पहारा आणि गवयाचा अभिमान

कोयनानगरच्या परिसरात एखाद्या गावी अखंड हरिनाम सप्ताह बसला, म्हणजे वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही हा दंडक अहोरात्र पाळला जातो; पहारा संपवणारा आणि पहाऱ्यावर येणारा परस्परांच्या पाया पडतात, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. अहंकाराचा इतका चोख बंदोबस्त आमच्या शास्त्रीय मैफलींना क्वचितच साधला आहे.

अर्थात अहंकार समूळ नाहीसा व्हावा, असे मी म्हणणार नाही. ज्याला आपल्या गळ्याचा अभिमान नाही, तो ऐनवेळी अनोळखी जागा घेण्याचे धाडस करीलच कशाला? तक्रार आहे ती त्या अभिमानाने साथीदाराचा हक्क गिळंकृत करण्याविषयी. सवाल-जवाबात तबलजीला कोंडीत पकडून ज्या टाळ्या मिळवल्या जातात, त्या मला दाद वाटत नाहीत, सक्तीची वसुली वाटतात.

याच्या उलट उदाहरणही जवळच आहे: कोयनानगरच्याच सातारा जिल्ह्यात, औंध येथे, अंतुबुवा जोशी यांनी १९४० साली गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ संगीतोत्सव सुरू केला. अंतुबुवांचे चिरंजीव गजाननबुवा ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तिन्ही घराण्यांची तालीम घेतलेले गवई आणि नामांकित व्हायोलिनवादकही. चिजा लपवून ठेवणाऱ्या त्या जमान्यात कष्टाने मिळवलेली ही विद्या त्यांनी उल्हास कशाळकर, पद्मा तळवलकर अशा शिष्यांना मुक्तहस्ते दिली. असा गवई उत्स्फूर्त गातो तेव्हाही त्याच्या स्वरांत अनेकांचे देणे असते, आणि समेवर तबलजीकडे वळून पाहण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. प्रत्येक गवई असा नसतो; म्हणून संयोजकांनी निदान वेळेची आणि बिदागीची वाटणी करताना साथीदारांना अगोदर विचारावे.