सामायिक आवारांतील बाग

वाड्याच्या चौकांत तुळशीवृंदावन, मागील दारीं केळ आणि विहिरीजवळ अनंत, एवढी बाग पूर्वीं एका कुटुंबास पुरत असे. आतां गृहसंस्थेंत ४० बिऱ्हाडें मिळून एक आवार असतें, आणि तेथें कोणतें झाड लावावें हा प्रश्न केवळ रुचीचा राहत नाहीं. तो कोणाच्या तरी श्वासाचा होतो. दमेकरी मुलास आपली खिडकी उचलून दुसरीकडे नेतां येत नाहीं. म्हणून बागेची आखणी करतांना आधीं त्याच्या आईस विचारावें, मग पुष्पप्रेमी मंडळींस.

पुष्कळांची समजूत अशी कीं, डोळ्यांत भरणारें फूल तेवढें बाधक. वस्तुस्थिति बहुधा उलट आहे. जास्वंद, कर्दळ, गोकर्ण यांचा पराग जड व चिकट असतो; तो नेण्यास मधमाशी, भुंगा किंवा पांखरूं यावें लागतें, आणि त्यांस बोलावण्यासाठींच तो रंगाचा थाट. ज्यांच्या फुलांस ना डौल ना रंग, अशीं एरंड, सुरू, वावळ यांसारखीं झाडें व बहुतेक सारीं गवतें आपला पराग वाऱ्याच्या स्वाधीन करतात, आणि वारा तो आपल्या नाकांत आणून घालतो. हिरवळ हवीच असेल तर हरळी तुऱ्यास येण्यापूर्वीं कापीत जावी. गणपतीस कोवळ्या दूर्वा वाहण्याची चाल येथें आयतीच उपयोगीं पडते.

सुगंधाचें प्रकरण निराळें. सप्तपर्ण अलीकडे रस्तोरस्तीं लावलेला दिसतो. अमरकोशांत त्यास 'शारद' असेंही नांव आहे, कारण तो शरदांत फुलतो. कालिदासानें रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत त्याच्या गंधास हत्तीच्या मदाची उपमा दिली आहे. ज्या गंधानें रघूच्या हत्तींना ईर्ष्या वाटली, तो दुसऱ्या मजल्यावरील आजीबाईंनीं रात्रभर कसा सोसावा? परागाचें वावडें नसलें तरी उग्र वासानें दमेकऱ्याची छाती भरूं शकते. मोठ्या मैदानास हें झाड शोभतें. शयनगृहाच्या खिडकीखालीं नको. रातराणीसही हाच न्याय. अबोली मात्र गंधहीन, रंगानें गोड, आणि थोड्या सावलींतही तग धरणारी.

गाजरगवताविषयीं भीड बाळगूं नये. १९५५ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम नजरेस आलेलें हें परदेशी तण आज देशभर माजलें आहे. त्याच्या स्पर्शानें कित्येकांच्या अंगावर पुरळ उठतें, परागानें शिंका येतात. फुलण्यापूर्वीं, हातमोजे घालून, तें मुळासकट उपटावें. ज्यांच्या त्वचेस त्याची बाधा होते, त्यांना त्याच कुळांतील शेवंतीही कधीं कधीं सोसत नाहीं. तेव्हां शेवंतीची हौस ज्याची त्यानें आपल्या सज्जांत पुरवावी.

पाण्यासाठीं फार खटाटोप नको. तांदूळ-डाळी धुतलेलें पाणी आळ्यांत जावें, नळ रोपांसाठीं सोडूं नये. गळलेलीं पानें जाळणें तर अगदींच वर्ज्य, कारण धूर परागाहून दुष्ट. तीं आळ्यांत पातळ पसरलीं म्हणजे ओल टिकते. जाड थर भिजून राहिला तर बुरशी धरते, व तिचे सूक्ष्म बीजाणूही दमेकऱ्यास जाचतात. म्हणून खताचा खड्डा तळमजल्याच्या खिडक्यांपासून दूर असावा, आणि तो खालीं-वर करण्याचें काम धडधाकट माणसानें करावें.

बसण्यास दोन बांक पुरेत, कांचनाच्या सावलीस, एकमेकांकडे पाठ केलेले: एक बोलणाऱ्यांसाठीं, दुसरा न बोलणाऱ्यांसाठीं.