पाच गावं आणि एक ग्रामसभा

कृष्णशिष्टाईत मागणी उतरत उतरत पाच गावांवर आली आणि दुर्योधनाने सुईच्या टोकावर मावेल एवढी मातीही नाकारली. ही गोष्ट सांगून आपण दुर्योधनाला दोष देतो नि मोकळे होतो. त्या पाच गावांतल्या लोकांना कुणाच्या राज्यात राहायचंय, हे मात्र शिष्टाईत कुणी विचारलं नाही.

जुने शांतता-प्रस्ताव आज खरे ठरतात का, हा यंदाच्या अंकाचा विषय. तो घेऊन जिनिव्हाला जाण्यापेक्षा गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला जावं असं आम्हाला वाटलं. इथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात, पलीकडे छत्तीसगड. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावर चढली की तालुक्याचं गाव जगापासून तुटतं. बाबा आमट्यांनी १९७३ साली इथल्याच हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तो जिल्ह्यात नक्षलवाद्यांची बंदूक येण्याच्या सातेक वर्षं आधी. तिथला दवाखाना आणि शाळा हाही एक शांतता-प्रस्तावच होता. त्याला सही-शिक्क्याची गरज पडली नाही, म्हणून इतिहासाच्या पुस्तकात तो तसा नोंदला जात नाही.

सही-शिक्क्याचे प्रस्ताव कसे वाचावेत, हे इमॅन्युएल कांटने १७९५ मध्ये सांगून ठेवलंय. ‘शाश्वत शांतता’ या छोट्या पुस्तकातलं त्याचं पहिलंच कलम असं, की पुढच्या युद्धाची तयारी मनात ठेवून केलेला तह हा तहच नव्हे. ऑक्टोबर २००४ मध्ये हैदराबादला आंध्र सरकार आणि नक्षलवादी समोरासमोर बसले, तेव्हा ते कलम कुणी वाचलं असतं तर बरं झालं असतं. जानेवारी उजाडला तेव्हा बोलणी फिसकटली होती, आणि समोरचा युद्धबंदीचा फायदा उठवतोय हा दोन्हीकडचा आरोप होता. कांटचं आणखी एक कलम आहे: लढतानाही असं काही करू नका, की उद्या एकमेकांवर विश्वासच ठेवता येणार नाही. पुढे पुन्हा बोलणी व्हावीत म्हणून चाललेल्या पत्रव्यवहारात असलेला माओवादी प्रवक्ता आझाद जुलै २०१० मध्ये शेजारच्या आदिलाबादच्या जंगलात मारला गेला. इकडे गडचिरोलीत ‘खबरी’ ठरवून किती गावकऱ्यांना रात्री घरातून उठवून नेलं! दिवसा पोलीस विचारणार, रात्री दादा, म्हणजे नक्षलवादी, विचारणार, आणि दोघांनाही द्यायला माडिया आदिवासी माणसाकडे एकच भात. लाहेरीत ८ ऑक्टोबर २००९ रोजी १७ पोलीस गेले. २०१८च्या एप्रिलात कसनासूर-बोरियाला तीसहून अधिक नक्षलवादी. दोन्ही बाजूंच्या मृतांत आदिवासी घरांतली मुलं होती.

१५ ऑक्टोबर २०२५ला, दिवाळी तोंडावर असताना, नक्षलवादी नेता भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली. ही मोठी घटना आहे, तिचं स्वागतच. पण शस्त्र ठेवणं म्हणजे तह नव्हे, आणि तह म्हणजे शांतता नव्हे.

कारण कांटचं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं वेगळंच होतं. युद्धाचा खर्च आणि जखमा ज्यांच्या वाट्याला येतात, त्यांच्या संमतीशिवाय युद्ध ठरू नये. हे आजही खरं आहे का? भामरागडापुरतं बोलायचं तर, ते खरं की खोटं हे ठरण्याइतकं कधी वापरूनच पाहिलं नाही. सरकारने ‘नक्षल गावबंदी’ची योजना आणली, गावाने ठराव करायचा आणि विकासनिधी घ्यायचा. पण बक्षीस लावून मागितलेल्या ठरावाला संमती म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

खरी संमती कुठे घ्यायची, ते कायद्यात लिहिलेलं आहे. १९९६चा पेसा आणि २००६चा वनहक्क कायदा ग्रामसभेला बोलायला जागा देतात. याच जिल्ह्यात धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि बांबू स्वतः विकून दाखवला. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर खाण हवी का, हे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१३ मध्ये बारा ग्रामसभांना विचारलं गेलं. बाराही नाही म्हणाल्या, आणि पुढच्या जानेवारीत केंद्राने खाणीची परवानगी नाकारली.

बंदुका खाली आल्यावर आता सूरजागडच्या खाणीतल्या लोखंडासाठी रस्ते रुंद होत आहेत. एटापल्ली-भामरागडच्या ग्रामसभांना तोच प्रश्न, त्यांच्या माडिया बोलीत, निधीचं आमिष न दाखवता विचारा, आणि उत्तर ‘नाही’ आलं तरी ते मान्य करा. सरकारकडे आमची मागणी एवढीच आहे.