माइक नंतर घ्या, आधी वाक्य पुरं करा

‘पॉडकास्ट सुरू करायचाय, कोणता माइक घेऊ?’ असं विचारणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: पैसे जरा खिशातच राहू द्या. हातातल्या मोबाइलवरही शब्दन्‌शब्द कळेल असं बोलता येतं. त्यासाठी तीन गोष्टी सांभाळा, तिन्ही फुकट आहेत.

पहिलं, अंतर. तोंड आणि माइक यांच्यामध्ये १० ते १५ सेंटिमीटर, म्हणजे अर्धी ते पाऊण वीत, एवढी जागा ठेवा आणि बोलण्याच्या भरात ती बदलू देऊ नका. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. मग एडिटिंगमध्ये तो वाढवायला जावं, तर पंख्याची घरघरही तेवढीच वाढते. माइक ओठांच्या अगदी समोर न धरता जरा तिरका, ओठांच्या कोपऱ्याकडे ठेवा. तळहात तोंडासमोर धरून ‘फळभाजी’ म्हणून बघा. हाताला लागतो तो हवेचा झोत सरळ माइकवर आदळला की रेकॉर्डिंगमध्ये ‘भप्‌’ असा धक्का बसतो. कॉलर माइक असेल तर तो हनुवटीखाली वीतभर लावा. ओढणी, मंगळसूत्र त्याला घासत नाही ना, तेवढं बघा.

दुसरं, खोली. उघड्या भिंती आणि फरशी असली की आवाज घुमतो. गाद्या, पडदे, कपड्यांचं उघडं कपाट असेल तिथे बसा. पंखा बंद करा. शेजारच्या कुकरची शिट्टी मध्येच आली तर थांबा आणि ते वाक्य पहिल्यापासून म्हणा. अ‍ॅपमध्ये आवाजाची पातळी दिसत असेल, तर मोठ्याने हसलात तरी ती उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. फाटलेला आवाज नंतर नीट सांधता येत नाही.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं: वाक्याचा शेवट. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, नकारही बहुतेक वेळा शेवटीच. ‘हे औषध उपाशीपोटी घ्यायचं नाही’ असं सांगताना दम संपला आणि ‘नाही’ तोंडातल्या तोंडात राहिलं, तर ऐकणाऱ्याला उलटाच सल्ला मिळतो. म्हणून संहितेतली वाक्यं एका श्वासात मावतील एवढीच ठेवा. श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलीने उभी रेघ मारा. ताठ बसा, नाहीतर उभ्यानेच बोला, आणि शेवटचा शब्द पहिल्याइतकाच स्पष्ट उच्चारा. निवेदकाचा उसना आवाज काढू नका. तुमच्या बोलण्यात वऱ्हाडी किंवा मालवणी हेल असेल तर तो खुशाल राहू द्या.

आता करायचं एवढंच: एका मिनिटाचं रेकॉर्डिंग करा आणि पोळ्या लाटता लाटता किंवा कपड्यांना इस्त्री करता करता घरातल्या कुणालातरी ते ऐकू द्या. मग त्यांना शेवटचं वाक्य विचारा. त्यांना ते जसंच्या तसं सांगता आलं, तर पहिला भाग टाकायला हरकत नाही. नाहीच आलं, तर दुकानात जाण्याआधी ते मिनिट पुन्हा रेकॉर्ड करा.