परदेशी डिग्री : आधी कागद, मग एजंट

चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने २००९ साली सुरू झाले. तेव्हापासून देहू, तळवडे, चिखली पट्ट्यातील आपल्या वर्कशॉपवाल्यांच्या आणि भंगारवाल्यांच्या घरांत जर्मनीचे नाव ओळखीचे झाले आहे. बारावी झालेला मुलगा सांगत येतो, ‘अब्बा, तिकडे फी नसते.’ ते बऱ्याच अंशी खरे आहे. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठे पदवीसाठी शिकवणी फी घेत नाहीत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सहामाहीस १,५०० युरो पडतात.

पण फी नाही म्हणजे खर्च नाही, असे नव्हे. व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याखाण्याची रक्कम मुलाच्या नावे एका खात्यात आधीच भरून ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये ती ११,९०४ युरो, म्हणजे आपले जवळपास १२ लाख झाली. त्यातून त्याला महिन्याला ९९२ युरो मिळतात. हे फक्त पहिल्या वर्षाचे झाले. पदवी निदान तीन वर्षांची, आणि वर्ग बहुतांशी जर्मन भाषेत. शिवाय नुसत्या बारावीवर थेट प्रवेश सहसा मिळत नाही. इथल्या कॉलेजात त्याच विषयाचे एक वर्ष पुरे करावे लागते. हे न सांगणाऱ्या एजंटाला दारातूनच सलाम करावा.

आपल्या व्यापाऱ्याकडे पैसा नसतो असे नाही. तो मालात असतो, शेडमध्ये असतो, घरच्या दागिन्यांत असतो, कागदावर नसतो. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात, आणि भाड्याच्या जागेवरचे पत्र्याचे शेड तारण म्हणून कोण घेणार? फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडीतील शेड आणि गोदामे हजारोंनी पाडली. ज्यांची सारी पुंजी तिथे होती, त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचे बेतही त्या पत्र्यांखाली गेले असणार.

घरचा पैसा पाठवायचा म्हटले तरी कागद लागतोच. बँक पॅन मागते. खाते वर्षाच्या आतले असेल तर जुना उतारा किंवा आयकर विवरणपत्र मागते. वर्षात १० लाखांहून अधिक पाठवले तर वरच्या रकमेवर टीसीएस कापला जातो. विवरणपत्र भरणाऱ्याला तो वळता करून मिळतो. न भरणाऱ्याचा अडकून राहतो.

म्हणून तयारी मुलगा किंवा मुलगी आठवीत असतानाच सुरू व्हावी. विवरणपत्र दरवर्षी भरावे, विक्री खात्यातून फिरवावी. महिन्याला २० हजार बाजूला टाकले तर पाच वर्षांत १२ लाख होतात. ज्यांना व्याजाचे कर्ज नको, त्यांना तर हाच रस्ता आहे.

सरकारी मदतीवर भिस्त ठेवू नये. अल्पसंख्याकांसाठीची केंद्राची ‘पढो परदेश’ योजना पदव्युत्तर आणि पीएच.डी.पुरतीच होती, आणि तीही २०२२-२३ पासून बंद झाली. माझे मत विचाराल तर धंद्याचे खेळते भांडवल काढून मुलाला पदवीसाठी पाठवू नये. पदवी पुण्या-पिंपरीत करावी, परदेश पुढच्या शिक्षणाला ठेवावा. मधल्या काळात मुलाने पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मनचे वर्ग करावेत. जाणे झाले नाही तरी चाकणच्या जर्मन कारखान्यांत ती भाषा वाया जाणार नाही.