न शिवता घेतलेले माप

दिवाळी अंक घरात आला की आमच्या शेजारचे तात्या तो आधी वाचत नाहीत, चाचपतात. त्यांची उभी हयात कागदाच्या पेढीवर गेलेली. पान अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरायचे, किंचित चोळायचे आणि निकाल द्यायचा, "साठ ग्रॅमचा दिसतो." बोटांचा भरवसा वाटला नाही, तर ते पान दिव्यापुढे धरतात. पलीकडची अक्षरे किती उमटतात ते पाहतात आणि मग चहाची वाट पाहत स्वस्थ बसतात.

यंदा आमच्या पुतणीने त्यांना अडवले. ती म्हणाली, "तात्याआजोबा, हाच कागद मिनिटाला एक किलोमीटर पळत असता, तर तुम्ही तो कसा चोळला असता?"

तात्या हसले, पण प्रश्न चेष्टेचा नव्हता. मोठ्या कारखान्यातील आधुनिक यंत्रावर कागद खरोखरच मिनिटाला हजार मीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने पळतो. बोट लावावे तर फाटायचा. पूर्वी गुंडाळी पुरी झाली की तिचा तुकडा कापून तराजूत तोलत. चूक कळे, पण ती होऊन गेल्यावर! करंजीची पारी जाड झाली तर एक करंजी वातड होते; येथे दहा मिनिटे उशिरा कळले तर दहा किलोमीटर कागद बिघडलेला असतो. जाड झाला तर लगदा फुकट गेला, पातळ झाला तर छापताना फाटला.

यावरचा उपाय तात्यांच्या दुसऱ्या युक्तीतच आहे. कागद दिव्यापुढे धरायचा, फक्त दिवा निराळा. पळत्या कागदाच्या एका बाजूस एक मोहोरबंद कुपी असते. तिच्यात बहुधा क्रिप्टॉन-८५ नावाचा किरणोत्सारी वायू असतो. त्यातून बीटा किरण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, सतत बाहेर पडतात. कागदाच्या दुसऱ्या बाजूस हे किरण टिपणारी पेटी असते. मध्ये कागद जितका भरीव, तितके पलीकडे पोहोचणारे किरण कमी. कुपी आणि पेटी ही जोडी एका चौकटीवरून कागदाच्या या काठापासून त्या काठापर्यंत येरझारा घालते आणि कागदाला न शिवता त्याचे माप घेत राहते. माप चुकले की यंत्र लगद्याचा प्रवाह तेथल्या तेथे कमीजास्त करते.

हिशेबही गमतीचा आहे. समजा, एका जाडीच्या थराने निम्मे किरण अडवले. तर दोन थरांनी सगळे अडतील का? नाही. दुसरा थर उरलेल्यांतले निम्मे अडवतो. पाव भाग पलीकडे जातो. तिसऱ्यानंतर आठवा भाग उरतो. म्हणून ठाऊक असलेल्या मापाचे नमुने आधी यंत्रापुढे धरून त्याला हे गणित शिकवावे लागते.

दुसरी गोष्ट अशी की किरण ठरावीक तालावर सुटत नाहीत. शंभर मोजले तर त्यात सुमारे दहा इकडचे तिकडे, म्हणजे शेकडा दहाची चूक. दहा हजार मोजले तर शंभर इकडचे तिकडे, म्हणजे शेकडा एक. क्षणात अचूक उत्तर हवे तर कुपी तितकी जोरदार हवी.

आणि खरे सांगायचे तर हे यंत्र जाडी मोजत नाही. किरणांच्या वाटेत पदार्थ किती आला हे मोजते. म्हणजेच चौरस मीटरला किती ग्रॅम, तात्यांचेच माप! कागदातला ओलावाही त्या वजनात धरला जातो, म्हणून पाण्यासाठी वेगळे यंत्र बसवतात.

पदार्थ बदलला की दिवाही बदलतो. पातळ प्लॅस्टिकला प्रोमेथियम-१४७ पुरते, जाड रबराला स्ट्रॉन्शियम-९० लागते. पोलादी पत्र्यापुढे बीटा किरणांचे काही चालत नाही. तेथे अमेरिसियम-२४१ चे गॅमा किरण किंवा क्ष-किरण योजतात. लालबुंद तापलेल्या पत्र्याला हात कोण लावणार?

इतका वेळ फराळाचे ताट भरत असलेल्या वहिनी एकदम थबकल्या. "म्हणजे भावोजी, हा कागद असल्या किरणांतून आलाय? आणि पोरं बोटाला थुंकी लावून पानं उलटतात!"

वहिनींची शंका रास्त होती. पण उन्हात वाळवलेले धोतर रात्री खोलीत उजेड पाडते का? या किरणांतून गेलेला कागदही तसाच. तो स्वतः किरणोत्सारी होत नाही. द्रव्य कुपीत बंद राहते, कागदाला लागत नाही.

"मग भ्यायचं कशाला?" वहिनींनी विचारले.

भ्यायचे ते विसरण्याला. क्ष-किरणांच्या नळीचे बटण बंद केले की किरण थांबतात. कुपीला बटण नाही. तिच्यावर झडप टाकता येते, पण आतले द्रव्य जळतच राहते. क्रिप्टॉन-८५ निम्मे व्हायला पावणेअकरा वर्षे लागतात, अमेरिसियम-२४१ ला ४३२ वर्षे. १६७४ साली, शिवराज्याभिषेकाच्या दिवशी, रायगडावर असे अमेरिसियम ठेवले असते, तर आजही त्यातले निम्म्याहून अधिक शिल्लक असते. तितके दिवस कोणता कारखाना चालतो?

२०१० साली दिल्लीच्या मायापुरी भागात काय झाले ते पुष्कळांना आठवत असेल. एका शिक्षणसंस्थेत वर्षानुवर्षे पडून असलेले किरणयंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले. ते जाडी मोजणारे यंत्र नव्हते. त्यातले कोबाल्ट-६० कितीतरी अधिक जोरदार होते. भंगारवाल्यांनी ते अजाणता फोडले. एक कामगार प्राणाला मुकला, आणखी काहींना रुग्णालयात न्यावे लागले. त्या माणसांनी कसलाही प्रयोग केला नव्हता. त्यांना कोणी सांगितले नव्हते, इतकेच.

तात्या चहाचा पेला खाली ठेवून म्हणाले, "आमच्या पेढीवर एक रीमसुद्धा नोंदीवाचून हलत नसे. या कुप्यांची वही कोण ठेवतो?"

आपल्याकडे ते काम १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ पाहते. त्याच्या परवानगीवाचून अशी कुपी घेता येत नाही, आणि काम संपल्यावर ती भंगारात टाकता येत नाही. पुरवठादाराकडे परत किंवा अधिकृत ठिकाणीच पाठवावी लागते. पिवळ्या रंगावर तीन काळी पाती असलेले चिन्ह मुलांना ओळखायला शिकवा. ते ज्या वस्तूवर दिसेल, तिला हात न लावता दूर व्हावे आणि पोलिसांना कळवावे.

पुतणीने तोवर स्वयंपाकघरातला काटा आणला. मुखपृष्ठ वेगळे केलेला जुना अंक तोलला, एका पानाची लांबी-रुंदी मोजली, पाने मोजली आणि वजनाला एकूण क्षेत्रफळाने भागले. चौरस मीटरला अठ्ठावन्न ग्रॅम आले.

"दोन ग्रॅम चुकलात, तात्याआजोबा!"

"ओलावा धरला नसशील," तात्या म्हणाले आणि त्यांनी चकलीला हात घातला.