उत्तर मिळेपर्यंत विचारणारा आमदार

येत्या 10 ऑगस्टला गणपतराव देशमुखांच्या जन्माला 100 वर्षे पूर्ण होत आहेत. त्याआधी अकराच दिवस, 30 जुलैला, त्यांचा स्मृतिदिन येतो. 2021 साली सोलापुरात त्यांनी देह ठेवला तेव्हा त्यांचे वय 94 होते. सांगोला तालुका त्यांना ‘आबासाहेब’ म्हणायचा. सत्तेचा, पैशाचा किंवा मोठ्या पक्षाचा आधार नसलेल्या या माणसाला एकाच मतदारसंघाने 11 वेळा विधानसभेत पाठवले. शताब्दीच्या निमित्ताने त्यांच्या साधेपणावर पुष्कळ बोलले जाईल. आम्हाला मात्र त्यांच्या कामाच्या पद्धतीवर बोलायचे आहे, कारण साधेपणाचे कौतुक करून मोकळे होणे सोपे आहे आणि त्या पद्धतीची आज फार गरज आहे.

1962 साली ते शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) वतीने पहिल्यांदा निवडून आले. नंतरच्या काळात राज्यात काँग्रेस फुटली, पुन्हा जुळली, नवे पक्ष निघाले, युत्या-आघाड्या झाल्या. शेकाप दिवसेंदिवस लहान होत गेला. 2014 च्या विधानसभेत तर पक्षाचे तीनच आमदार उरले. आबासाहेबांनी पक्ष बदलला नाही आणि मतदारसंघही बदलला नाही. मंत्रिपद त्यांच्याकडे दोनदा आले, 1978 साली शरद पवारांच्या मंत्रिमंडळात आणि 1999 साली विलासराव देशमुखांच्या. पण त्यांची बहुतेक कारकीर्द विरोधी बाकांवरच गेली. विरोधी बाकांवरचा आमदार आपल्या तालुक्यासाठी काय करू शकतो, याचे उत्तर शोधणाऱ्याने आधी सांगोला पाहावा.

माणदेशातला हा तालुका पर्जन्यछायेत येतो. पाऊस तोकडा, तोही बेभरवशाचा. माण नदीचे पात्र वर्षातले कितीतरी महिने कोरडे असते. खिलार जनावरे हे इथल्या माणसाचे खरे धन, आणि सांगोल्याचा रविवारचा जनावरांचा बाजार लांबलांबच्या शेतकऱ्यांना ठाऊक असतो. दुष्काळ पडला की आधी चारा संपतो, मग जनावरे बाजारात निघतात आणि शेवटी माणसे गाव सोडतात. 1972 चा दुष्काळ तर गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून येतो. खडी फोडण्याची कामे, पाझर तलावांवरची माणसांची रीघ आणि कामावर खायला मिळणारी सुकडी. त्याच वर्षी आबासाहेब निवडणूक हरले होते. तालुका सर्वांत मोठ्या संकटात असताना ते विधानसभेत नव्हते. 1974 च्या पोटनिवडणुकीत लोकांनी त्यांना परत पाठवले. दुष्काळी कामांतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा 1977 साली विधिमंडळाने केला. मागेल त्याला काम देण्याची जबाबदारी राज्याने कायद्याने स्वीकारली आणि पुढे 2005 च्या राष्ट्रीय कायद्याला त्याचाच आधार मिळाला. रोजगार हमीची कामे, त्यांची मजुरी, ती वेळेवर मिळते की नाही, हे आबासाहेबांचे कायमचे विषय राहिले.

आमदाराच्या हाती काय असते? मोठी भाषणे वर्तमानपत्रांत येतात, पण सभागृहाचे खरे काम छोट्या हत्यारांनी चालते. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना, आश्वासन समिती. यातला तारांकित प्रश्नच घ्या. आमदार लिहून विचारतो की अमुक कालव्याचे काम बंद आहे हे खरे आहे काय, असल्यास कारण काय, शासनाने काय कार्यवाही केली. खात्याकडून छापील उत्तर येते. ‘हे अंशतः खरे आहे.’ ‘चौकशी सुरू आहे.’ आणि सर्वांत शेवटी, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ बहुतेकांचे काम तिथे संपते, कारण प्रश्न विचारल्याची नोंद झालेली असते आणि मतदारसंघात सांगायला तेवढे पुरते. ज्याला उत्तरच हवे असते तो मात्र उपप्रश्न विचारायला उठतो. अंशतः म्हणजे किती? चौकशी कोणाकडे आहे आणि कधी संपणार? त्यासाठी मंत्र्याच्या हातातल्या कागदापेक्षा जास्त माहिती आपल्या डोक्यात असावी लागते. कालव्याचा कितवा किलोमीटर अडला आहे, भूसंपादनाचा निवाडा झाला की नाही, मागच्या अर्थसंकल्पात तरतूद किती होती, हे सारे मुखोद्गत असावे लागते. गणपतराव देशमुखांचा सभागृहातला दबदबा यातून आला होता. ते अभ्यास करून येत, पूर्ण वेळ बसत आणि शांतपणे बोलत. सत्ताधारी बाकांवरची माणसेही त्यांचे ऐकून घेत.

आमच्या मते लोकसेवेचा हा प्रकार सर्वांत कमी दिसणारा आणि सर्वांत टिकाऊ आहे. रुग्णाला मुंबईत खाट मिळवून देणे, पोराला दाखला मिळवून देणे, गावातल्या देवळापुढे सभामंडप बांधणे, ही कामे आमदाराला करावी लागतात आणि आबासाहेबांनीही ती केली. पण ज्या गोष्टीसाठी लोकांना आमदाराच्या दारात यावे लागते, ती त्यांना हक्काने, दारात न येता मिळावी, यासाठी झटण्याची जागा विधिमंडळ आहे. दारातली गर्दी कमी होण्यातच या कामाचे यश असल्यामुळे फार थोडे आमदार त्याच्या वाटेला जातात.

पाण्याचा लढा हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. बच्छावत लवादाने कृष्णेचे 560 टीएमसी पाणी महाराष्ट्राच्या वाट्याला दिले, पण ते माणदेशापर्यंत आणायचे कसे? दुष्काळी तालुके उंचावर आहेत. 1993 पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर ही मंडळी त्यात पुढे होती. तेरा दुष्काळी तालुक्यांतले शेतकरी, शेतमजूर, बायाबापड्या वर्षानुवर्षे तिथे जमत. मागणी नुसती पाण्याची नव्हती, समन्यायी वाटपाची होती. ज्याला जमीन नाही त्या कुटुंबाचाही पाण्यावर हक्क आहे, असे ही चळवळ सांगत होती. कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी अडवून ते टप्प्याटप्प्याने पंपाने उचलत कडेगाव, खानापूर, आटपाडी आणि सांगोल्याकडे न्यायचे, अशी टेंभू योजना. टेंभू योजना, म्हैसाळ उपसा योजना आणि नीरा उजवा कालवा यांपैकी कोणत्या गावाला कोणते पाणी मिळणार, हा सांगोल्यातल्या चावडीवरचा रोजचा विषय होऊन बसला.

हे पाणी यायला एक पिढी खर्ची पडली, हे लपवण्यात अर्थ नाही. निधी तुटपुंजा येत राहिला, कामे रखडली. पाणी आले तर वीजबिलाचा प्रश्न पुढे आला, आणि तो बिलाचा 81 टक्के भार शासनाने व 19 टक्के शेतकऱ्यांनी उचलण्याच्या निर्णयानंतर थोडा हलका झाला. छोट्या पक्षाच्या आमदाराच्या शब्दाला जी मर्यादा असते ती इथे उघड दिसते. हाच माणूस सत्ताधारी पक्षात गेला असता तर पाणी दहा वर्षे आधी आले असते, असे म्हणणारे सांगोल्यातही भेटतात. तो हिशोब मांडणे कठीण आहे. आम्हाला एवढे दिसते की सत्तेत जाऊनही कोरडे राहिलेले दुष्काळी तालुके महाराष्ट्रात थोडे नाहीत. आणि एकट्या सांगोल्यासाठी पाणी ओढून आणण्याऐवजी तेरा तालुक्यांसाठी एकत्र मागण्याचा रस्ता लांबचा असला तरी पाण्यावर सगळ्यांचा हक्क प्रस्थापित करणारा तोच होता.

पाण्याची वाट पाहत तालुका हातावर हात धरून बसला नाही. थोड्या पाण्यावर ठिबक टाकून शेतकऱ्यांनी डाळिंब लावले आणि सांगोल्याचे डाळिंब देशभर पोहोचले. देशातली शंभरावी किसान रेल्वे डिसेंबर 2020 मध्ये सांगोल्यातूनच पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली. तेल्या रोगाने आणि खोडकिड्याने पुढे बागाच्या बागा बसवल्या, ती वेगळी दुखरी कथा आहे. कापसासाठी ज्याची ओळख नाही अशा या तालुक्यात आबासाहेबांनी सहकारी सूतगिरणी उभी केली, पाठोपाठ महिलांची सूतगिरणी काढली आणि दोन्हींचा कारभार काटकसरीने चालवण्याचा दंडक घातला. राज्यातल्या किती सहकारी गिरण्या कर्जात बुडून गंजत पडल्या आहेत, हे पाहिले म्हणजे या दंडकाची किंमत कळते.

एसटीच्या गाडीत आमदारांसाठी एक आसन राखीव असते. खिडकीवर तसे रंगवलेले असते, आणि प्रवासी बिनधास्त तिथे बसतात, कारण आमदार येणार नाही याची सगळ्यांना खात्री असते. आबासाहेब मात्र एसटीने येत-जात. लोक ही गोष्ट हौसेने सांगतात आणि सांगावीच. त्या प्रवासाचा कामाशी थेट संबंध होता. शेजारी बसलेला माणूस फाट्यावर उतरेपर्यंत आपल्या गावची चारी, रेशन दुकान, रोजगार हमीचे रखडलेले मस्टर, सगळे सांगून टाकतो. काचा वर करून जाणाऱ्या गाड्यांच्या ताफ्याला हे ऐकू येत नाही. त्यांची निवडणूकही बरीचशी लोकवर्गणीवर चालायची. ज्याने वर्गणी दिली तो हक्काने जाब विचारतो, आणि जाब विचारणारा मतदार असला म्हणजे आमदाराला सभागृहात झोप लागत नाही.

सांगोल्याने त्यांना डोक्यावर घेतले तसे दोनदा घरीही बसवले. 1995 साली ते अवघ्या 192 मतांनी हरले. 1999 ला पुन्हा निवडून आले आणि पुढची 20 वर्षे सलग आमदार राहिले. 2019 मध्ये त्यांनी वयामुळे उभे राहायचे नाही असे ठरवले. पक्षाने उभा केलेला त्यांचा एक नातू थोडक्यात हरला, आणि 2024 मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडून निवडून आले. घराण्यातच उमेदवारी गेली, हा आक्षेप रास्त आहे. आयुष्यभर कार्यकर्ते घडवणाऱ्या पक्षाला दुसरे नाव सुचू नये, ही शेकापची दुबळी बाजू आहे आणि शताब्दीच्या भरात ती झाकली जाऊ नये.

शताब्दीचे सोहळे होतील, हारतुरे होतील. सांगोल्याने त्यासोबत आणखी एक काम करावे. टेंभू, म्हैसाळ आणि नीरा उजव्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेली, ज्यांना ठरलेले पाणी अजून पूर्ण मिळत नाही अशी गावे नावानिशी लिहून काढावीत. प्रत्येकाची चारी कुठे अडली आहे ते सोबत लिहावे. ग्रामसभेने तो कागद आपल्या आमदाराच्या हातात द्यावा आणि अधिवेशनात त्यावर प्रश्न लागला का, उत्तर काय आले, उपप्रश्न विचारला का, हे पुढच्या ग्रामसभेत मागून घ्यावे. हे सांगोल्याला करता येते, तसे राज्यातल्या उरलेल्या 287 मतदारसंघांनाही करता येईल.